दाखल्यांना तात्पर्याची शेपटी लावू नका

संडे स्कूलचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांना आणि दर रविवारी वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना,

सप्रेम सलाम.

येशूने सांगितलेल्या मोहरीच्या दाण्याच्या गोष्टीचा धडा सहसा एकाच तऱ्हेने संपतो. खाली एक चौकट आणि तिच्यात जाड अक्षरांत तात्पर्य: ‘लहान मुलेसुद्धा मोठी कामे करू शकतात.’ खमिराच्या धड्याखाली ‘चांगल्या संगतीचा परिणाम होतो’, पेरणाऱ्याच्या धड्याखाली ‘लक्ष देऊन ऐकावे’. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानात (४:३०) मोहरीच्या आधी कोणता प्रश्न येतो ते वाचून बघा. देवाचे राज्य कशासारखे आहे म्हणावे, असे येशू विचारतो. प्रश्न राज्याबद्दल आहे, उत्तरही राज्याबद्दलच आहे. आपण मात्र वाक्याचा कर्ताच बदलतो. देव काय करतो हे सांगणारी गोष्ट ‘मुलांनी काय करावे’ची गोष्ट होऊन बसते, आणि देव तिच्यातून कधी बाहेर पडला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. ती काढून टाका, ही आमची विनंती. मग तिच्या जागी काय करायचे, तेही पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण नुसते ‘काढा’ म्हणणे सोपे असते.

आधी शब्दाबद्दल. ‘बोधकथा’ म्हटले की ऐकणारा बोधाची वाट बघत बसतो आणि गोष्ट कशीबशी उरकतो. ‘दृष्टांत’ चांगला, पण लहानांना जड जातो. आम्हाला जुना ‘दाखला’ जवळचा वाटतो. मुले हसतात, कारण त्यांना दाखला म्हणजे जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा एवढेच माहीत असते. हसू द्यावे. तो कागदही काहीतरी घडून गेले आहे हे दाखवण्यापुरताच असतो. कागदामुळे कुणी जन्माला येत नाही. हिब्रू भाषेतल्या ‘माशाल’ या शब्दात तर म्हण, कोडे आणि उपमा तिन्ही बसतात. कोड्याचे उत्तर कोड्याखालीच छापले तर कोण डोके चालवणार? दुसऱ्याची बायको घेतलेल्या दाविद राजाला नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२), तेव्हा निकाल दाविदाच्याच तोंडून बाहेर पडला. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे त्यानंतर आले.

तात्पर्याची सवय कुठून लागली, यालाही इतिहास आहे. एके काळी उलट टोक होते. प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टीन याने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लुटलेल्या वाटसरूला धर्मशाळेत पोहोचवणाऱ्या परक्याची गोष्ट) धर्मशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल, इथपर्यंत प्रत्येक वस्तूचा गुप्त अर्थ लावला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने याला ठाम नकार दिला. एका दाखल्याचा एकच मुद्दा, असे त्याचे म्हणणे. हे औषध लागू पडले, पण मात्रा जास्त झाली. तो एक मुद्दा घसरत घसरत सुविचार झाला आणि फळ्यावर जाऊन बसला.

आता मुख्य मागणी. मार्क ४:२६–२९ या चार वचनांना स्वतंत्र रविवार द्या. हा दाखला फक्त मार्कात आहे. मत्तयाने तेराव्या अध्यायात पेरणारा, निदण (गव्हात उगवणारे तण), मोहरी, खमीर, ठेव, मोती आणि जाळे असे सात दाखले ओळीने मांडले, त्यांत हा नाही. लूकमध्येही नाही. अभ्यासक्रम मत्तय १३ वरून बेतला की हा हमखास गळतो, आणि देव न दिसता कसे काम करतो हे सर्वांत उघडपणे याच दाखल्यात आहे.

माणूस जमिनीत बी टाकतो. झोपतो, उठतो, रात्र जाते, दिवस जातो. बी रुजते, वाढते, कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते: आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झाले की तो लगेच विळा घालतो. संपली गोष्ट. नायक बराच वेळ झोपलेला! शिक्षक इथेच गोंधळतात आणि ‘विश्वास ठेवून मेहनत करा’ असे पदरचे घालतात. पण खत, पाणी, कुळवणी, राखण यांतले काहीच दाखल्यात नाही. शेतकरी ते करत नसे असे थोडेच आहे? सांगणाऱ्याने ते बाजूला ठेवले आहे. उरले ते तीन: पेरणे, झोपणे-उठणे आणि कापणे. मधल्या काळात जे घडते त्याला हातभार तर सोडाच, त्याची माहितीही शेतकऱ्याला नाही.

झोपणे आधी आणि उठणे नंतर, हा क्रमही वर्गात दाखवावा. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातही संध्याकाळ आधी येते आणि सकाळ मागून. म्हणजे माणूस उठून कामाला लागतो तेव्हा दिवसाचा अर्धा भाग उलटलेला असतो आणि काम केव्हाच सुरू झालेले असते.

‘आपोआप’ या शब्दापाशी मात्र हळू चला. मूळ ग्रीक शब्द ‘औटोमाते’. हुशार मूल लगेच म्हणेल, “मग देवाची गरज काय?” अशा वेळी रागावू नका, दोन जागा उघडून दाखवा. प्रेषितांची कृत्ये १२:१० मध्ये पेत्र तुरुंगातून बाहेर पडतो तेव्हा लोखंडी दरवाजा याच शब्दाने ‘आपोआप’ उघडतो, आणि तो कुणी उघडला याबद्दल तिथे कुणाला शंका नाही. लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तेव्हा न पेरता जे उगवते त्यासाठी जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. आपोआप म्हणजे माणसाचा हात न लागता. देवाचा हात नाही, असे तो शब्द म्हणत नाही.

वेळेचा हिशोबही मुलांना द्या. गालीलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो, त्यानंतर पेरणी. जव साधारण एप्रिलात आणि गहू मे-जूनपर्यंत कापणीला येतो. म्हणजे एका वचनात जवळजवळ सहा महिने दडलेले आहेत. आमची सूचना अशी: सत्राच्या सुरुवातीला २६ ते २८ एवढीच वचने वाचा आणि थांबा. २९वे वाचू नका. त्याच दिवशी २५ ते ३० सेंटीमीटर खोल कुंडीत गव्हाचे पंधरा-वीस दाणे ३ सेंटीमीटर खाली पेरा आणि कुंडीत ओंबी भरेल तेव्हाच ते शेवटचे वचन वाचा. गव्हाला चार ते पाच महिने लागतात. थंडी सुरू होताना पेरावा. उन्हाळ्यात पेरला तर घाईने निसवतो आणि दाणा पोचट राहतो. कुंडी वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली तर पाती पिवळी, लांबुळकी होऊन लोळतात, म्हणून सहा तास तरी ऊन हवे. पाणी रोज घालायची हौस सगळ्यांना असते, त्यातच निम्म्या कुंड्या कुजतात. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच घाला.

जमिनीखाली काय चालते हे दाखवायला वेगळी काचेची बरणी लागते. गहू दहा-बारा तास भिजवा. बरणीच्या आतून ओला टिपकागद लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये दाणे सरकवा आणि तळाशी दोन बोटे पाणी ठेवा. एका-दोन दिवसांत दाण्याला टोक फुटते, आणि ते मुळाचे असते. पाते वर येईपर्यंत तीन ते पाच मुळ्या खाली उतरलेल्या असतात. दाखल्यात ‘आधी पाते’ येते, कारण शेतकऱ्याचे डोळे तिथूनच मोजायला लागतात. बरणीतल्या मुळांवर पांढरी मऊ लव येते. बुरशी समजून बरण्या फेकून दिल्या जातात! ती मूळरोमांची लव आहे, पाणी शोषणारी. फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी तशी होत नाही. अजून एक दाणा कुंडीत पेरा आणि तो तिसऱ्या दिवशी मुलांनाच उकरून बघू द्या. परत लावल्यावर तो मागे पडतो, बऱ्याचदा मरतो, कारण उकरताना नेमकी हीच लव तुटते. यावर भाष्य करू नका. मुले एकमेकांना काय सांगतात ते ऐका.

इथे एक धोका आहे, आणि उत्साही शिक्षक त्यात हटकून अडकतात. ‘जे शांत ते देवाचे, जे गाजावाजा करून येते ते माणसाचे’ असा सोपा नियम तयार होतो. मत्तय १३:२५ हा नियम मोडते. तिथेही लोक झोपलेले आहेत, तिथेही रात्र आहे, तिथेही कुणीतरी न दिसता पेरून जातो, पण तो शत्रू आहे. मार्कातली रात्र आणि मत्तयातली रात्र एकाच तासाला शेजारी ठेवा. नुसत्या शांततेवरून काही ठरत नाही. निदणाचे पाते गव्हासारखेच दिसते, ओंबी येईपर्यंत जाणत्यालाही ओळखता येत नाही. ओंबी येईपर्यंत मुळे एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून नोकर विचारतात तरी शेताचा धनी निदण उपटू देत नाही. निदणाच्या दाण्यात वाढणाऱ्या एका बुरशीमुळे तो विषारी असतो, खाल्ल्यावर चक्कर येते. म्हणजे नोकरांची काळजी अगदीच फुकट नव्हती. धनी म्हणतो ते एवढेच, की आत्ता नको आणि तुम्ही नको. येशूनेच याचा उलगडा करताना शेत म्हणजे जग असे सांगितले आहे (१३:३८). वर्गातली कोणती मुले गहू आणि कोणती निदण, हा खेळ कृपा करून बंद करा. तो अजूनही खेळला जातो.

दुसरा धोका मोठ्यांच्या वर्गात जास्त. ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे किंवा ज्याच्यावर अन्याय चालू आहे, त्याला ‘देव आतून काम करतोय, धीर धर’ असे या दाखल्यांच्या आधाराने सांगितले जाते. शेतकऱ्याची झोप दुसऱ्याचे तोंड बंद करायला वापरायची नाही. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाते, गप्प बसत नाही, आणि येशू तिला नावे ठेवत नाही. बियांचे दाखले शिकवून झाले की ती लगेच पुढच्या रविवारी आली पाहिजे. मधे सुट्टी पडू देऊ नका.

मोहरीबद्दल थोडक्यात. चित्र बदला. जाड खोडाचे, शंभर वर्षांचे वाटणारे झाड छापले जाते. काळी मोहरी एका हंगामाची असते. दाणा जेमतेम १ ते १.५ मिलिमीटर, रोप दोन मीटरच्या वर जाते आणि वर्ष संपायच्या आत वाळते. मत्तय आणि लूक ‘झाड’ म्हणतात, मार्क ‘सर्व भाज्यांपेक्षा मोठे’ म्हणतो. यहेज्केल १७ मध्ये उंच पर्वतावरचा गंधसरू आहे, त्याच्या सावलीत पाखरे राहतात. ते दिमाखदार चित्र हाताशी असताना येशूने भाजीच्या वाफ्यातले रोप उचलले. दोन्ही उतारे शेजारी वाचले की मुले स्वतःच हसतात. ‘यापेक्षाही बारीक बी असते’ असे कुणी म्हणाले तर हो म्हणा. ऑर्किडचे असते. तिथे बोलण्याची रीत म्हणून मोहरी आली आहे, वनस्पतिशास्त्राचा धडा म्हणून नाही.

सर्वांत जास्त वेळ खमिराला द्या. मत्तय १३:३३, एकच वचन. मूळ ऐकणारे यावर दचकले असणार, कारण यहुद्यांच्या वल्हांडण सणात सात दिवस घरातून खमीर काढून टाकायचे असते (निर्गम १२), आणि येशू स्वतः दुसरीकडे परूशांच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाच्या) खमिरापासून सांभाळा म्हणतो. अशी वस्तू देवाच्या राज्याला लावायची? हे दचकणे मुलांपर्यंत पोहोचू द्या, लगेच सारवासारव करू नका. मापही बघा: पीठ तीन मापे. आजच्या हिशोबाने अंदाज २२ लिटरपासून ३९ लिटरपर्यंत जातात; कमीतला धरला तरी एका घराला लागते त्याच्या कितीतरी पट. अब्राहामाकडे तीन पाहुणे आले तेव्हा सारेने तीनच मापे पीठ मळले होते (उत्पत्ती १८:६), हे त्या श्रोत्यांना आठवल्याशिवाय राहिले नसेल. आणि क्रियापद ‘मिसळले’ असे नाही. स्त्रीने खमीर पिठात ‘लपवले’.

वर्गात यासाठी बाजारचे कोरडे यीस्ट वापरू नका. ते तासाभरात फुगते, मुले टाळ्या वाजवतात आणि दाखला जादूचा प्रयोग होतो. दाखल्यातले खमीर म्हणजे आदल्या खेपेची आंबलेली कणीक. ती घरी करायची तर ५० ग्रॅम गव्हाचे पीठ आणि ५० मिलिलिटर पाणी सैल झाकणाच्या बरणीत कालवा. झाकण घट्ट लावले तर आतला वायू ते उडवतो. रोज निम्मे काढून टाका आणि तेवढेच नवे पीठ-पाणी घाला. दुसऱ्या दिवशी जोरात बुडबुडे येतात. हे फसवे असतात, ते पहिल्या जिवाणूंचे काम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे थंड पडते, वासही बिघडतो, आणि इथेच लोक बरणी ओतून देतात. थांबा. आंबटपणा वाढून ते जिवाणू मागे हटतात, मग खरे किण्व (पिठातलेच यीस्ट) जोर धरते. सातव्या दिवसाच्या आसपास, पीठ घातल्यावर सहा ते आठ तासांत दुप्पट फुगू लागले की खमीर तयार. गार हवेत आणखी चार-पाच दिवस धरा.

शनिवारी रात्री ५०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम हे खमीर, ३३० मिलिलिटर कोमट पाणी आणि ८ ग्रॅम मीठ एकत्र मळा. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट हवे. ६० अंशांचे पाणी किण्व मारून टाकते, आणि सकाळी कणीक होती तेवढीच बघून ‘चमत्कार झाला नाही’ असे म्हणायची वेळ येते. गोळा काचेच्या भांड्यात ठेवा, पातळीवर बाहेरून रबरबँड लावा, ओले फडके झाका. २५ अंशांच्या आसपास आठ ते दहा तास लागतात. अख्ख्या गव्हाचे पीठ दीडपटीच्या थोडे वर जाते, मैद्याइतके नाही. निराश होऊ नका. फार वेळ राहिले तर मधोमध खचते आणि आंबट होते.

रविवारी वर्गात अशीच दुसरी कणीक मुलांसमोर मळा आणि बाजूला ठेवा. तासाभरात तिच्यात काहीच दिसणार नाही. दिसू नयेच. तास संपताना रात्रीचे भांडे पुढे आणा, रबरबँड दाखवा, कणीक सुरीने मधोमध कापा. आत जाळी दिसते, कडेपर्यंत. मग एकच प्रश्न विचारा: “यात खमीर कुठे आहे, बोट ठेवून दाखवा.” मुले आधी मध्यावर बोट ठेवतात, मग कडेला, मग एकमेकांकडे बघतात. काल रात्री ते वाटीत वेगळे होते, चमच्याने काढता येत होते. आता पिठातून ते काढणे कुणालाच शक्य नाही. या प्रश्नानंतर किमान अर्धा मिनिट गप्प बसा. अर्धा मिनिट वर्गासमोर फार लांब वाटते आणि तात्पर्य ओठांवर येते. ते तिथेच थांबवा. कुणी ‘सगळीकडे’ म्हणाले तर फक्त मान हलवा. कुणी ‘कुठेच नाही’ म्हणाले तरी त्याला चूक ठरवू नका, पुढच्या आठवड्यात तेच मूल प्रश्न घेऊन येते.

नंतर ती कणीक भाजा आणि सगळे मिळून खा. भाजण्यापूर्वी मुठीएवढा गोळा पुढच्या वर्गासाठी काढून ठेवायला विसरू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

आपले,
दाखले शिकवणारे काही शिक्षक